पाचशेंची जागा आणि बावीस श्रोते

पत्राचा सारांश: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी एक लहान स्वयंसेवी संस्था काम करते. तिच्या सचिव लिहितात, की संस्थेने दर महिन्याला एक थेट ऑनलाइन व्याख्यान ठेवण्याचे ठरवले आहे. पहिले व्याख्यान संध्याकाळी साडेसहाला झाले. १४० जणांनी नावे नोंदवली होती, प्रत्यक्षात २२ जण आले. वक्त्या डॉक्टरांचा आवाज तुटत राहिला, त्या आठ मिनिटे पडद्यावरून नाहीशा झाल्या, आणि त्या परत आल्यावर प्रश्नोत्तरे सुरू होतात न होतात तोच ४० मिनिटांची मोफत मर्यादा संपून सभा बंद पडली. आलेल्यांना आत घेणे, वक्त्यांची ओळख करून देणे, स्लाइड पुढे सरकवणे आणि ‘आवाज येत नाही’ म्हणणाऱ्यांचे फोन घेणे, हे सगळे सचिव एकट्याच करत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चॅट वाचले, तेव्हा एका बाईंनी विचारलेला प्रश्न दिसला: ‘आई रात्री उठून बाहेर पडते, दाराला बाहेरून कुलूप लावले तर चालेल का?’ तो कोणीच वाचलेला नव्हता. आता कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. ५०० जणांची सोय असलेल्या वेबिनारची वार्षिक वर्गणी भरल्याशिवाय संस्थेला कोणी गांभीर्याने घेणार नाही, असे तरुण सदस्य म्हणतात. खजिनदारांना हा खर्च वायफळ वाटतो; व्याख्याने चित्रित करून ठेवावीत आणि ज्याला हवी त्याने ती सवडीने पाहावीत, असे त्यांचे मत आहे. सचिवांनी विचारले आहे, ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, एवढेच सांगा.’

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात सॉफ्टवेअरचा प्रश्न लक्षात राहिला आणि दुसऱ्या वाचनात कुलपाचा. तो दुसरा प्रश्न तुम्ही तुमच्या चुकांच्या यादीत, अगदी शेवटी, ओशाळून लिहिला आहे. मला मात्र तुमच्या सगळ्या अडचणींचे मूळ तिथेच दिसते. बाजारातले सर्वांत महागडे सॉफ्टवेअर त्या दिवशी तुमच्याकडे असते, तरी तो प्रश्न तितकाच न वाचलेला राहिला असता, कारण चॅट वाचायला माणूसच नेमलेला नव्हता. म्हणून सॉफ्टवेअरचे नाव मी सांगणार आहे, पण ते जरा उशिरा. त्याआधी ज्या तीन-चार गोष्टी तुम्ही सर्वांनी गृहीत धरल्या आहेत, त्या तपासून पाहू.

सुरुवात २२ या आकड्यापासून करते, कारण तो तुम्हाला लागला आहे. नोंदणी करायला काही पडत नाही. रात्री अकराला, रुग्ण झोपल्यावर, हातातल्या फोनवर चार अक्षरे टाइप केली की झाले. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला मोकळे असणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तुमच्या श्रोत्यांच्या बाबतीत तर ती फारच अवघड आहे. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांचा गोंधळ आणि अस्वस्थता दिवस मावळताना वाढते, हे तुमच्या संस्थेला मी सांगायला नको. तरीही तुम्ही व्याख्यान साडेसहाला ठेवलेत! ही वेळ कशी ठरली असेल याचा मी अंदाज करू शकते: डॉक्टर तेव्हा मोकळ्या होत्या, कार्यकारिणीतले नोकरदार सदस्य तेव्हा घरी पोचलेले होते, आणि सभा-समारंभ संध्याकाळीच असतात ही आपली पूर्वापार समजूत आहे. ज्यांच्यासाठी व्याख्यान होते, त्यांची सोय तेवढी कोणी विचारली नाही. संस्था लहान दिसते म्हणून उरलेले ११८ जण आले नाहीत, असे म्हणायला तुमच्या पत्रात कोणताच आधार नाही. त्यांना विचारून पाहा. लांबलचक अर्ज पाठवू नका. ‘तुम्हाला एक तास कधी काढता येतो?’ एवढा एकच प्रश्न आणि सकाळी उशिरा, दुपारी, रात्री नऊनंतर, सुटीच्या दिवशी असे चार पर्याय पुरेत. बहुमत एकीकडेच झुकेल असे नाही. तसे झाले तर एक महिना दुपार आणि पुढचा महिना रात्र, असे आलटून पालटून ठेवा.

शिवाय २२ हा आकडा मुळात लहान आहे का? प्रत्येकाने आपली अडचण दोन मिनिटांत सांगितली, तरी ४४ मिनिटे होतात. म्हणजे एका तासाच्या बैठकीत २२ माणसांना नीट बोलू देणेसुद्धा कठीण आहे. सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या डोळ्यांना खुपतात, त्या सवयीने आपण पडद्यावरचा आकडाही तसाच मोजतो. पडद्यावर रिकामी खुर्ची नसते; नोंदणीचा आकडा आणि उपस्थितीचा आकडा शेजारी शेजारी लिहिल्यावरच ती दिसू लागते.

आता तुमच्या दोन तटांकडे वळते. त्यांचे भांडण पैशांवरून चालले आहे असे वाटते खरे, पण मला त्यात दोन निरनिराळे कार्यक्रम दिसतात. थेट ऑनलाइन कार्यक्रमाचे ढोबळमानाने तीन प्रकार होतात. पहिला प्रकार बैठकीचा: सगळे एकमेकांना पाहतात, ऐकतात, कोणीही बोलू शकते. दुसरा वेबिनारचा: वक्ते आणि संयोजक तेवढे मंचावर असतात, श्रोते पाहतात आणि लिहून प्रश्न विचारतात. तिसरा प्रकार यूट्यूबसारख्या ठिकाणी थेट प्रक्षेपण करण्याचा, तिथे श्रोत्यांच्या संख्येला व्यवहारात मर्यादाच नाही. या तिघांमध्ये खर्चापेक्षा महत्त्वाचा एक फरक असतो, तो उशिराचा. आपण फोनवर बोलतो तेव्हा एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला सेकंदाच्या सातव्या भागापेक्षा, म्हणजे सुमारे १५० मिलिसेकंदांपेक्षा, फारसा जास्त वेळ लागला नाही, तर संभाषण सहज वाटते. उशीर त्याच्या दुप्पट-तिप्पट झाला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. बैठकीची सॉफ्टवेअरे हा उशीर कमीत कमी राखण्यासाठीच रचलेली असतात. थेट प्रक्षेपणात मात्र चित्र श्रोत्यापर्यंत काही सेकंदांनी, कधी पाव मिनिटाहूनही उशिरा पोचते. एखाद्या बाईंनी तिथे प्रश्न लिहीपर्यंत वक्ते पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. व्याख्यान ऐकवायला हे चालते. रात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्या आईबद्दल बोलायला चालत नाही.

म्हणून कार्यकारिणीला मी आधी एकच गोष्ट विचारीन: या मासिक कार्यक्रमात तुम्हाला लोकांना सांगायचे आहे, की त्यांचे ऐकायचे आहे? तुमच्या संस्थेचे काम पाहता मला दुसरे उत्तर अधिक पटते, आणि त्या उत्तराला ५०० जागांचा काही उपयोग नाही.

तरुण सदस्यांचे म्हणणे मात्र मी सगळेच झटकून टाकणार नाही, कारण वेबिनारच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. गंमत म्हणजे तुमच्या पत्रावरून तो त्यांनी मांडलेला दिसत नाही. वेबिनारमध्ये श्रोत्यांना एकमेकांची नावे आणि चेहरे दिसत नाहीत, आणि झूमच्या वेबिनारमध्ये नाव न दाखवता प्रश्न विचारण्याची सोयही चालू करता येते. आपल्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे हे नातेवाइकांत अजून बोलून न दाखवलेली एखादी सून तुमच्या बैठकीत आली आणि समोरच्या चौकटीत तिला ओळखीचा चेहरा दिसला, तर ती पुन्हा येणार नाही. म्हणजे गोपनीयतेसाठी वेबिनारचा विचार जरूर करा. पण त्यातले बरेचसे साध्या बैठकीतही साधता येते: कॅमेरा बंद ठेवायला मोकळीक द्या, आत येताना फक्त पहिले नाव किंवा ‘एक मुलगी’, ‘एक पती’ असे काही लिहायला सांगा, आणि प्रश्न चॅटमधून सर्वांना न पाठवता थेट संयोजकालाच पाठवण्याचा मार्ग उघडा ठेवा. झूममध्ये चॅटची सेटिंग अशी करता येते, की श्रोते फक्त यजमान, म्हणजे सभा चालवणारा, आणि त्याने मदतीला नेमलेले सह-यजमान यांनाच लिहू शकतील. ती आधी लावून, तपासून ठेवा.

खजिनदारांचे म्हणणेही अर्धे बरोबर आहे. व्याख्यान थेटच का ऐकायचे, या त्यांच्या प्रश्नाला तुमच्यापैकी कोणी उत्तर दिले आहे का? डॉक्टर ३५ मिनिटे स्लाइड वाचून दाखवणार असतील, तर ते चित्रित करून ठेवणेच श्रोत्याच्या सोयीचे: मध्ये थांबवता येते, पुन्हा ऐकता येते, आणि वक्त्यांचा आवाज तुटण्याची धास्तीही उरत नाही. त्यांचे चुकते ते पुढच्या अर्ध्यात. चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही. मला सुचते ते असे, की दोन्ही जोडावे. डॉक्टरांकडून १५-२० मिनिटांचे व्याख्यान आधी चित्रित करून घ्या, ते आठवडाभर आधी नोंदणी केलेल्यांना पाठवा, आणि थेट तासाची सुरुवात त्यातल्या मुद्द्यांच्या पाच मिनिटांच्या उजळणीने करून बाकी सगळा वेळ प्रश्नांना द्या. व्याख्यान न पाहता येणारे असणारच. ती उजळणी त्यांच्यासाठी. प्रश्नही आधी मागवता येतील, म्हणजे पहिला प्रश्न कोण विचारणार याची ती अवघडलेली शांतता टळेल. याला एकच अट आहे, डॉक्टरांची तयारी हवी. काही वक्ते कॅमेऱ्यापुढे एकट्याने बोलताना लाकडासारखे होतात, त्यांना समोर माणसे लागतात. तुमच्या डॉक्टर तशा असतील तर आग्रह धरू नका.

आता सॉफ्टवेअर. सध्या झूमच्या मोफत खात्यावर १०० जणांची बैठक ४० मिनिटे चालते. गूगल मीटच्या मोफत खात्यावरही १०० जण येतात आणि तीन किंवा अधिक जणांच्या बैठकीला ६० मिनिटे मिळतात. जित्सी मीट हे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांना खुली असते असे, सॉफ्टवेअर आहे. त्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर बैठक सुरू करणाऱ्या एकाने खात्यातून आत यावे लागते, बाकीच्यांना खाते लागत नाही. बिगब्लूबटन हेही मुक्त स्रोत आणि शिकवण्यासाठीच बनवलेले आहे, पण ते आपल्या सर्व्हरवर बसवावे लागते. ते सांभाळणारा माणूस संस्थेत नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका. या मर्यादा कंपन्या अधूनमधून बदलतात, तेव्हा ठरवण्याच्या दिवशी एकदा पाहून घ्या. तुमची सभा ४०व्या मिनिटाला बंद पडली, ती यांपैकी एक मर्यादा कोणाच्या ध्यानात नव्हती म्हणून. त्यासाठी ५०० जागा विकत घेणे म्हणजे छत्री विसरलो म्हणून बंगला बांधणे होईल.

माझा सल्ला असा: पुढचे तीन कार्यक्रम बैठकीच्याच साध्या खात्यावर घ्या. मोफत खाते पुरत नसेल, तर १०० जणांच्या सशुल्क खात्याची महिन्याची वर्गणी भरा आणि वार्षिक करार टाळा. पैसे भरण्यापूर्वी संस्थेची नोंदणीची कागदपत्रे काढून सवलतींची चौकशी करा. अनेक देशांत टेकसूप ही संस्था ना-नफा संस्थांची पडताळणी करून त्यांना सॉफ्टवेअर सवलतीत मिळवून देते, आणि गूगलची ना-नफा संस्थांसाठी वेगळी योजना आहे. पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज आजच करा आणि त्याच्या भरवशावर पुढच्या महिन्याची तारीख मात्र ठरवू नका.

तरुण सदस्यांना मोठा कार्यक्रम हवाच असेल, तर त्यालाही जागा आहे. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी ज्यांच्या घरी अजून रुग्ण नाही अशांपर्यंतही पोचायचे असते, तिथे सांगणे जास्त आणि ऐकणे कमी असते, आणि यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण त्याला अगदी योग्य आहे. त्याला वर्गणीही पडत नाही. मात्र नव्या वाहिनीवर थेट प्रक्षेपणाची परवानगी फोन क्रमांकाची पडताळणी करून घ्यावी लागते आणि ती सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. कार्यक्रमाच्या सकाळी हे कळलेले संयोजक मी पाहिले आहेत. त्यांचे चेहरे आठवले की अजूनही कीव येते.

इथवरचे सगळे एका बैठकीत ठरवता येईल. खरे काम माणसांचे आहे आणि त्यावर तुमच्या पत्रात एक ओळही नाही. ‘मी एकटीच करत होते’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेले नाही, साधी वस्तुस्थिती म्हणून लिहिले आहे, जणू दुसरे काही शक्यच नव्हते. तुमच्या कार्यकारिणीत किती जण आहेत? त्या वेळी ते काय करत होते? कदाचित श्रोत्यांत बसून व्याख्यान ऐकत होते. प्रत्यक्ष सभेत असे होत नाही. कोणी दारात उभे राहते, कोणी खुर्च्या लावते, कोणी पाणी आणून देते, आणि हे कोणाला सांगावे लागत नाही. पडद्यावरच्या सभेत दार दिसत नाही, म्हणून दारात उभे राहायचे कोणाला सुचत नाही.

चार माणसे लागतात. सूत्रसंचालक बोलतो आणि दुसरे काहीही करत नाही. त्याने चॅटकडे बघायचेसुद्धा नाही. दुसरा माणूस दारावर असतो: प्रतीक्षाकक्षातून लोकांना आत घेतो, ज्यांच्या घरातला आवाज सर्वांना ऐकू येतो आहे त्यांचा माईक बंद करतो, रेकॉर्डिंग सुरू आणि बंद करतो. तिसरा फोनवर असतो, सभेच्या बाहेर, दुसऱ्या खोलीत. लिंक न सापडणारे आणि आवाज न येणारे लोक ज्या क्रमांकावर फोन करतात, तो याचा क्रमांक. हे काम नीरस आहे आणि त्यात व्याख्यान ऐकायला मिळत नाही, म्हणून दर महिन्याला माणूस बदला. चौथा माणूस फक्त चॅट वाचतो, आणि माझ्या मते तो या चौघांत सर्वांत जाणता असावा.

या चौथ्या माणसाबद्दल थोडे अधिक लिहिते. आलेला प्रत्येक प्रश्न त्याने एका वहीत उतरवायचा, शेजारी वेळ आणि नाव. नाव नको असेल तर खूण. कागदाची वहीच म्हणते आहे, कारण सभा बंद पडली की अनेकदा चॅटही हाताबाहेर जाते. तुमच्या सुदैवाने तुमचे राहिले. प्रश्न तीन प्रकारचे येतात. काही सर्वांच्या उपयोगाचे असतात. ते सूत्रसंचालकाकडे, शक्यतो दोन सारखे प्रश्न एकत्र करून, पाठवायचे. काही एखाद्या रुग्णाच्या औषधांबद्दल किंवा तपासण्यांबद्दल असतात. त्यांची उत्तरे रुग्णाला न पाहता जाहीरपणे देणे डॉक्टरांना योग्य वाटणार नाही आणि वाटूही नये; तसे त्या व्यक्तीला नम्रपणे लिहून कळवायचे. तिसरा प्रकार कुलपासारखा: वरवर पाहता साधा, हो-नाहीच्या उत्तराचा, आणि आत घाबरलेला. तो ओळखायला अनुभवी माणूस लागतो. असा प्रश्न आला की त्याने वाट न पाहता सूत्रसंचालकाला खूण करावी. वेळ संपली तर त्या व्यक्तीला ‘तुमचा प्रश्न वाचला आहे, उद्या तुमच्याशी बोलतो’ एवढे तरी त्याच क्षणी लिहावे. हे वाक्य आधीच टाइप करून ठेवा, घाईत सुचत नाही.

या चौघांपैकी दोघांना सह-यजमान करून ठेवा, म्हणजे एकाची वीज गेली तरी सभा दुसऱ्याच्या हातात राहील. दोघे एकाच घरात, एकाच जोडणीवर बसलेले नसावेत, हे सांगायला नको वाटते. पण तेही घडलेले आहे.

आवाजाबद्दल. चित्र गेले तर सभा चालते, आवाज गेला की संपते. घरच्या इंटरनेटचा वेग म्हणून आपण जो आकडा ऐकतो तो बहुधा माहिती खाली येण्याचा असतो. वक्त्याला लागतो तो वर पाठवण्याचा, आणि अनेक जोडण्यांत तो बराच कमी असतो. चांगल्या चित्रासाठी वर जाणारा वेग सेकंदाला दीड ते तीन मेगाबिट लागतो, नुसत्या आवाजाला १०० किलोबिटही लागत नाहीत. म्हणून डॉक्टरांचा आवाज तुटू लागला, की पहिला उपाय त्यांचा कॅमेरा बंद करण्याचा. तेवढ्याने भागले नाही तर त्यांनी फोनवरून, मोबाइलच्या इंटरनेटवर, पुन्हा यावे. फोन चार्ज करून, लिंक उघडून, शेजारी ठेवलेला असावा. शक्य असेल तर लॅपटॉपला इंटरनेटची वायर लावावी आणि वायरचाच हेडफोन वापरावा. स्लाइड तुमच्याकडेच असू द्या. तुमच्या बाजूने एवढे तुम्ही केले होतेच, ते चालू ठेवा. फक्त त्या सरकवण्याचे काम दारावरच्या माणसाकडे द्या. वक्ते नाहीसे झाले तर पाच मिनिटांत काय करायचे, हेही ठरवून ठेवा. आधी आलेल्या प्रश्नांपैकी दोन वाचून दाखवणे आणि श्रोत्यांपैकी कोणाला त्याचा अनुभव आहे का, असे विचारणे, याहून चांगले मला काही सुचत नाही. कधी कधी तीच पाच मिनिटे सगळ्यांच्या लक्षात राहतात.

या सगळ्याची तालीम दोन दिवस आधी, वक्त्यांसह, त्याच उपकरणावर, त्याच खोलीत आणि दिवसाच्या त्याच वेळी करा. २० मिनिटे लागतात. वक्ते ‘मला सवय आहे’ म्हणतील. तरी करा.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. काही वर्षांपूर्वी एका आधारगटाची ऑनलाइन बैठक मी चालवत होते. व्याख्यान संपले, गप्पा सुरू झाल्या, एक मुलगी आपल्या वडिलांबद्दल बोलता बोलता रडली. रेकॉर्डिंग बंद करायचे माझ्याकडून राहून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी मी ती फीत न पाहताच सर्वांना पाठवली. त्या मुलीच्या भावाचा फोन आला तेव्हा कळले. फीत काढून टाकली, क्षमा मागितली, पण ती मुलगी परत आली नाही. तेव्हापासून मी तासाचे दोन भाग करते: व्याख्यानाचा भाग रेकॉर्ड होतो आणि तसे सुरुवातीला सांगितले जाते; तो संपला की सूत्रसंचालक मोठ्याने म्हणतो, ‘आता रेकॉर्डिंग बंद झाले आहे,’ दारावरचा माणूस ‘हो, बंद आहे’ असे उत्तर देतो, आणि मगच चर्चा सुरू होते. फीत पाठवण्यापूर्वी कोणीतरी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो. कंटाळवाणे आहे, तरी पाहतो.

नोंदणीची यादीही तितकीच जपा. तुमच्या संस्थेच्या यादीत नाव असणे म्हणजे घरात रुग्ण असणे, हे यादी पाहणाऱ्या कोणालाही कळते. नाव आणि ईमेल एवढेच विचारा. वय, पत्ता, रुग्णाशी नाते यांतले काही वापरणार नसाल तर मागू नका. निरोप पाठवताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसणार नाहीत याची काळजी घ्या. लिंक जाहीर ठिकाणी लावू नका, नोंदणी केलेल्यांनाच पाठवा. २०२० मध्ये जाहीर लिंकवरून आगंतुक शिरून सभा उधळण्याचे प्रकार इतके झाले, की त्याला स्वतंत्र नाव पडले.

तुमचे श्रोते हात मोकळे नसलेले आहेत, हे निमंत्रण लिहितानाही लक्षात असू द्या. ‘कॅमेरा लावून शांत जागी बसा’ असे लिहू नका. ‘स्वयंपाक करता करता, रुग्णाजवळ बसून, नुसते ऐकले तरी चालेल’ असे लिहा. नुसते ऐकणाऱ्यांसाठी वक्त्यांना स्लाइडवरचे शब्द बोलून दाखवायला सांगा. ‘इथे दिसते तसे’ या वाक्याचा त्यांना काही उपयोग नसतो. परदेशी राहणारी मुले येणार असतील, तर निमंत्रणात वेळेबरोबर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे होणारी वेळही लिहा आणि मार्चमध्ये विशेष जपा: उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच भागांत उन्हाळी वेळेसाठी घड्याळे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी, आणि मधले काही आठवडे सगळ्यांचे गणित चुकते.

कार्यकारिणीपुढे हे मांडताना कोणत्याही तटाला हरवू नका. तीन महिने या पद्धतीने चालवून पाहू आणि मग वार्षिक वर्गणीचा विचार करू, असा ठराव ठेवा. त्या तीन महिन्यांत दोनच नोंदी करा: किती प्रश्न आले आणि त्यांतले किती उत्तराविना राहिले, आणि पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले. खजिनदारांना ही नोंद आवडेल, कारण ती वहीत मावते. तरुण सदस्यांपैकी एकाला दारावर उभे करा आणि एकाला २१ सप्टेंबरची तयारी आतापासून द्या. तुम्ही स्वतः पुढच्या वेळी चौघांपैकी एकच काम घ्या. सगळे तुम्हीच करता ही घरच्यांसारखी सवय संस्थेलाही लागते, आणि ती मोडायला सुरुवातीला थोडे वाईट व्हावे लागते: एखादी गोष्ट राहून जाताना दिसेल, तरी उठू नका.

आणि हे सगळे पुढच्या महिन्याचे झाले. कुलपाबद्दल विचारणाऱ्या बाईंना अजून उत्तर गेले आहे की नाही, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. ते देण्याचा अधिकार माझा नाही. तुमच्या डॉक्टरांना आज फोन करून विचारा, आणि त्या काय म्हणाल्या ते त्या बाईंना शक्य तर लिहून न पाठवता बोलून सांगा. रात्र व्हायच्या आत.